ट्रक पुलाखाली अडकला तर काय करायचं आणि खर्च कोणाच्या गळ्यात पडतो

ट्रान्सपोर्टच्या धंद्यात कोणालाही विचारा गाडी किती फुटी, लगेच उत्तर येतं, १७ फुटी, २२ फुटी, ३२ फुटी. ही सगळी लांबी बरं का. उंची विचारली की माणूस गाडीकडे बघतो, मग आभाळाकडे बघतो आणि म्हणतो असेल की बारा-साडेबारा फूट. या "असेल की" वर आमच्या घरात सहा गाड्या चालल्या पंधरा वर्षं, आणि मग एक दिवस एक ३२ फुटी कंटेनर बॉडी रेल्वेच्या पुलाखाली जाऊन बसली. तेव्हापासून जे काय शिकलो ते इथे लिहितोय, गाडी मालक, ड्रायव्हर, माल पाठवणारे सगळ्यांच्या कामाचं आहे.

आधी आमची गोष्ट थोडक्यात, कारण पुढे सारखी लागणार आहे. गाडी सकाळी माल भरून त्याच पुलाखालून गेली, काही झालं नाही. संध्याकाळी रिकामी परत येताना अडकली. ड्रायव्हरचा फोन आला, "शेठ, सकाळी गेलो होतो हो इथूनच." मला वाटलं हा काहीतरी लपवतोय. तो खरं बोलत होता. भरलेल्या गाडीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, दबलेले असतात, माल उतरला की बॉडी वर उचलली जाते, विशेषतः मागची बाजू. आमच्या गाडीत भरलेली आणि रिकामी यातला फरक ९ सेंमी निघाला. भरलेली ३.५८ मीटर, रिकामी ३.६७. पुलावरच्या बोर्डावर ३.८ लिहिलेलं. म्हणजे कागदावर बघितलं तर रिकामी गाडीसुद्धा आरामात जायला पाहिजे होती, पण टेप लावली तर पुलाखाली जागा होती ३.६३. डांबराचे थर चढत गेले आणि बोर्ड जुनाच राहिला. दर वेळी ४-५ सेंमीचा थर टाकला तर तीन-चार वेळात पुलाची उंची कुठे जाते याचा हिशोब कोणी करत नाही.

गाडीची उंची मोजायची कशी

सपाट जमिनीवर, फरशी किंवा काँक्रीट असेल तर उत्तम, टायरमध्ये पूर्ण हवा, गाडी रिकामी. रिकामीच, कारण तीच जास्त उंच असते. वरती जे सगळ्यात उंच टोक असेल त्यावर सरळ फळी आडवी ठेवायची, फळीच्या टोकापासून ओळंबा सोडायचा आणि खाली जमिनीपर्यंत टेप. सगळ्यात उंच टोक म्हणजे बॉडीच असेल असं नाही, केबिनवरचं कॅरियर, ताडपत्रीच्या कमानी, रीफर म्हणजे थंड मालाच्या गाडीचं कूलिंग युनिट, कोणी हौसेने लावलेले भोंगे, काहीही असू शकतं. पोकलेन किंवा जेसीबी लोबेडवर, म्हणजे बुटक्या ट्रेलरवर, चढवला असेल तर बूम किती दुमडलाय त्यावर सगळं आहे, आणि वाटेत हायड्रॉलिक थोडं सरकलं तर तेवढंही पुरतं.

कंटेनरवाल्यांसाठी वेगळं सांगतो. न्हावा शेवाहून जे डबे निघतात त्यात दोन उंच्या असतात, साधा डबा २.५९ मीटर आणि हाय क्यूब २.९ मीटर. एका फुटाचा फरक. ट्रेलरची पाटी जमिनीपासून दीड मीटर धरली तर साधा डबा ४.१ च्या आसपास जातो आणि हाय क्यूब थेट ४.४. ड्रायव्हरला लांबून दोन्ही सारखेच दिसतात. हाय क्यूबच्या वरच्या कोपऱ्यांना पिवळे-काळे पट्टे असतात आणि उंचीचा स्टिकर असतो, गेटमधून बाहेर पडायच्या आधी एवढं बघायचं. काल ज्या रस्त्याने डबा नेला त्याच रस्त्याने आज नेला आणि अडकला, असं झालं की नव्वद टक्के वेळा मी आधी डब्याचे कोपरे बघायला सांगतो.

मोजून झालं की मीटर आणि फूट दोन्हीत मोठ्या अक्षरात केबिनमध्ये ड्रायव्हरच्या समोर लावा. ब्रिटनमध्ये ३ मीटरपेक्षा उंच गाडीच्या केबिनमध्ये अशी पाटी लावणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे सनविझरवर देवाचा फोटो असतो, त्याच्या शेजारी भरपूर जागा असते. फूट पण लिहा असं का म्हणतो तर बोर्ड मीटरमध्ये आणि ड्रायव्हरचं डोकं फुटात, ३.८ मीटर म्हणजे साडेबारा फूट हे गाडी चालवता चालवता कोण करणार.

आणि आमचा घरचा नियम, बोर्डावरचा आकडा आणि गाडी यात अर्धा फूट मोकळी जागा नसेल तर थांबायचं, क्लीनरला उतरवायचं, मगच पुढे. क्लीनर नसेल तर स्वतः उतरायचं. मागचे हॉर्न मारतात, मारू देत.

कुठल्या ठिकाणी जास्त धोका

नव्या हायवेवरचे अंडरपास शक्यतो त्रास देत नाहीत, मानकाप्रमाणे तिथे ५ ते ५.५ मीटर उंची ठेवतात. त्रास जुन्या रेल्वे लाइनींखालचा. १८५३ ला आपल्याकडे रेल्वे सुरू झाली, त्या काळात किंवा नंतरच्या पन्नास-साठ वर्षांत जे दगडी मोऱ्या आणि गर्डर पूल झाले ते बैलगाडी डोळ्यासमोर ठेवून, कंटेनर कोणाच्या स्वप्नात होता. वर रुळ असल्यामुळे पूल सहजासहजी उचलता येत नाही, खाली रस्ता खोदला तर पाणी साचतं, मग तसंच चालू. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहम गावी असाच एक रेल्वे पूल आहे, ११ फूट ८ इंचांचा, इतके ट्रक त्याला धडकले की एका माणसाने समोर कॅमेरा लावून ठेवला आणि पूल जगभर फेमस झाला. सेन्सर लावून सिग्नल लाल करून बघितलं, २०१९ ला पूलच ८ इंच उचलला, तरी अजून अधूनमधून कोणीतरी जाऊन आपटतोच.

खोलगट अंडरपासमध्ये अजून एक गंमत आहे, म्हणजे गंमत नाहीच. लांब ट्रेलरची पुढची चाकं चढाला लागतात, मागची अजून उतारावर असतात, अशा वेळी मधला भाग रस्त्यापासून उचलला जातो. केबिन निघून गेली म्हणून ड्रायव्हर खूश आणि अडकतो तो पोटात. त्यामुळे लांब गाडीला बोर्डावरचा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही.

कडबा, भुसा, कापूस भरणाऱ्यांना मी काय सांगणार, त्यांचा ढीगच गाडीपेक्षा मोठा असतो आणि बोर्ड बघायला पुढचं दिसतं हेच पुष्कळ. गूगल मॅप्सवर विसंबून राहू नका, त्याला तुमच्या गाडीची उंची सांगायची सोयच नाही, तो तुम्हाला मारुती समजून शॉर्टकट देतो. नवीन गावाला जाताना तिथल्या एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याला नाहीतर पंपावर डिझेल भरताना विचारा, "उंच गाडी जाते का हो इकडून?" एवढं पुरतं. गणपतीच्या मंडळांकडून शिका, मूर्ती कारखान्यातून निघायच्या आधी पोरं रस्ता फिरून येतात, कुठे वायर, कुठे फांदी, कुठे पूल, आणि हातात बांबू घेऊन पुढे चालतात. आपण पंचवीस लाखांच्या गाडीसाठी तेवढंही करत नाही.

अगदी अवाढव्य काही न्यायचं असेल तर ओडीसी, म्हणजे मापाबाहेरच्या मालाची, परवानगी लागते, ती ऑनलाइन मिळते, पण परवानगीचा कागद म्हणजे पूल मोजून दिले असा अर्थ नाही. रस्ता आधी मोजून घेणं तुमचंच काम. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईहून आसामला निघालेलं भंगार विमान बिहारमध्ये मोतिहारीजवळ पुलाखाली अडकलं होतं, त्याआधी २०१९ ला बंगालमध्ये दुर्गापूरला टपाल खात्याचं जुनं विमान असंच अडकलं. लोकांनी सेल्फी काढले, पण विमानाची उंची काही वाटेत वाढली नव्हती.

अडकली. आता?

सगळ्यात पहिली गोष्ट, रेस देऊ नका. पुढे पण नाही आणि लगेच मागे पण नाही. हँडब्रेक, पार्किंग लाइट, खाली उतरून मागची वाहतूक थांबवा.

फाटकाजवळ असाल आणि वर रेल्वेची वायर असेल तर मात्र उतरूच नका. त्या वायरीत २५,००० व्होल्ट असतात, फाटकाच्या आधी जी लोखंडी कमान असते ना, हाइट गेज, ती त्याचसाठी. वायरीला चिकटायची पण गरज नाही, जवळ गेलं तरी करंट झेप घेतो. केबिनमध्येच बसा, लोकांना लांब ठेवा, लाइन बंद झाल्याचं रेल्वेवाल्यांनी सांगेपर्यंत हलू नका. आग लागली आणि उतरावंच लागलं तर दोन्ही पाय जुळवून उडी मारा, गाडी आणि जमीन एकाच वेळी धरू नका, आणि पाय घासत घासत लांब जा.

दुसरी गोष्ट, फोन. वर रेल्वे पूल असेल तर १३९ ला, पोलिसांना ११२ आहेच, नॅशनल हायवे असेल तर १०३३. पुलाच्या भिंतीवर त्याचा नंबर रंगवलेला असतो, तो वाचून सांगा, म्हणजे त्यांना जागा शोधायला वेळ जात नाही. हे टाळू नका. "गाडी गुपचूप काढू आणि निघू" हा विचार आमच्या ड्रायव्हरच्या पण डोक्यात आला होता. पण धडकेने गर्डर सरकला असेल आणि वरून पॅसेंजर गेली तर? रेल्वेचा माणूस बघून जाईपर्यंत गाड्या थांबवायच्या की हळू सोडायच्या हे त्यांनी ठरवायचं असतं. शिवाय पळून गेलात तर साधा अपघात राहत नाही, प्रकरण वेगळंच होतं.

तिसरी गोष्ट, आणि हीच पुढे पैशात मोजली जाते: गाडी हलवायच्या आधी फोटो. बोर्डाचा फोटो, बोर्ड झाडामागे असेल तर झाडासकट, ड्रायव्हरच्या सीटवरून तो दिसतो का याचा फोटो. पुलाच्या खालच्या कडेपासून रस्त्यापर्यंत टेप धरून फोटो, आकडा वाचता येईल असा. कुठे घासलंय त्याचा फोटो. डांबराचा नवा थर कडेला दिसत असेल तर तो पण. आणि टायरमधली हवा सोडायच्या आधी गाडीची उंची मोजा, नंतर मोजलेल्या उंचीला काही अर्थ राहत नाही. आमच्याकडे टेप गाडीत नव्हती, शेजारच्या सुताराकडून आणली. आता प्रत्येक गाडीत पाच मीटरची टेप आहे, दीड-दोनशे रुपयांची वस्तू.

विमा कंपनीला तिथूनच फोन करा, स्पॉट सर्व्हे, म्हणजे त्यांच्या माणसाने जागेवर येऊन पाहणी करणं, लागणार का विचारा. नंतर कळवलं की मग "गाडी का हलवली" हा प्रश्न ठरलेला.

काढायची कशी? जशी आत गेली तशीच मागे. पुढे ओढून काढायचा सल्ला देणारे दहा जण जमतील, त्यातला एकही बॉडीचा खर्च देणार नाही. रेल्वेवाल्यांनी, पोलिसांनी हो म्हटल्यावर सगळ्या टायरची हवा सारखी कमी करायची, एकाच बाजूची नाही, नाहीतर गाडी कलते आणि वरचा कोपरा अजून घट्ट बसतो. यातून ४-५ सेंमी मिळतात, फार अपेक्षा नको, पण बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं. गाडी रिकामी असेल तर मागे वाळूच्या गोण्या टाकून पाटे दाबता येतात, आमची तशीच निघाली. एक माणूस पुलाकडे बघत उभा, तोच फक्त बोलणार, आणि गाडी इंचा-इंचाने मागे. बाहेर आली की तिथेच हवा भरायची, बसलेल्या टायरवर पंक्चरवाल्यापर्यंत पण जाऊ नका, टायर कापले जातात. भरलेली गाडी अडकली असेल तर माल अर्धवट उतरवू नका आधी, उलट अजून वर उचलली जाईल. हायड्रा म्हणजे क्रेन बोलवायची ती शेवटी, गॅस कटर त्याच्याही नंतर.

जबाबदार कोण

जमलेल्या गर्दीचा निकाल पाच मिनिटांत लागतो, ड्रायव्हर दारू प्यायला असेल. पोलिसांचा पण सुरुवातीचा कल तिकडेच असतो. कायद्यात मात्र एवढं सोपं नाहीये.

ड्रायव्हरपासूनच सुरू करू. बोर्ड होता, दिसत होता, बरोबर होता आणि तरी घुसला तर चूक त्याची, यात वाद नाही. ट्रॅफिकचे बोर्ड पाळणं मोटार वाहन कायद्यात बंधनकारक आहे, हलगर्जीपणे गाडी चालवल्याचं कलम भारतीय न्याय संहितेत २८१ आहे, आणि रेल्वेला धोका झाला तर रेल्वे कायद्याचं कलम १५४ लागू शकतं, त्यात एक वर्षापर्यंत कैद आहे. अपघाताची खबर पोलिसांना २४ तासांत द्यायची आणि विमा कंपनीलाही कळवायचं हे पण ड्रायव्हरवरच. फक्त एक, तिथल्या तिथे "सगळी चूक माझी" असं कोऱ्या कागदावर लिहून देऊ नका. काय झालं ते लिहा, किती उंची, बोर्डावर काय, वेळ काय. चूक कोणाची ते नंतर ठरेल.

मालक. इथे बरेच जण हात झटकतात, पण माल मर्यादेपेक्षा उंच भरला असेल तर मोटार वाहन कायद्यातलं कलम १९४ चं १ए वाचा, २०१९ च्या दुरुस्तीत आलंय. २०,००० रुपये दंड, वर माल उतरवायचा खर्च, आणि माल नीट लावल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही. आणि ते फक्त चालवणाऱ्याला नाही, "चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा" असे शब्द आहेत. म्हणजे मालक पण आला आणि "अजून दोन थर बसतील की" म्हणणारा सुपरवायझर पण येऊ शकतो. उंचीची मर्यादा केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ९३ मध्ये आहे, वर्षानुवर्षं साध्या ट्रकला ३.८ मीटर हा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता, २०२० ला नियम बदलला आणि गाडीच्या प्रकाराप्रमाणे मर्यादा वेगवेगळ्या झाल्या, तर तुमच्या प्रकाराला काय लागू ते आरटीओत विचारून घ्या. आमच्या वेळी हवालदारसाहेब हेच कलम लावायला निघाले होते, टेप लावून ३.६७ दाखवलं तेव्हा थांबले.

माझं मत विचाराल तर ड्रायव्हरला गाडीची उंची न सांगता, रस्ता न सांगता, वरून "रात्री नऊच्या आत पोच" सांगणारा मालक निम्मा जबाबदार असतोच. मी स्वतः तसा होतो.

माल पाठवणारा. हाय क्यूब डबा दिला आणि कागदावर लिहिलं नाही, मशीनची उंची चुकीची सांगितली, तर त्याच्याकडे बोट दाखवता येतं, पण त्यासाठी बुकिंगच्या वेळी लेखी घेतलेलं हवं. मालाचं नुकसान झालं तर २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याप्रमाणे ते ट्रान्सपोर्टरवर येतं, मालाची किंमत जास्त जाहीर केली नसेल तर भाड्याच्या दहापटीपर्यंत. आणि मालवाल्याने दावा करायच्या आधी बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. दोन्ही बाजूंनी बिल्टी, म्हणजे माल बुक केल्याची पावती, जपून ठेवा.

रस्ता ज्याच्या ताब्यात आहे ते खातं. बोर्ड नाही, बोर्ड चुकीचा, थर चढवला पण आकडा बदलला नाही, पुलाच्या तोंडाशी बोर्ड लावला जिथून ट्रकला वळायलाच जागा नाही, हे सगळं त्यांचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८ए मध्ये रस्त्याच्या डिझाइन आणि देखभालीत हयगय केल्याबद्दल खातं, कंत्राटदार, सल्लागार यांना १ लाखापर्यंत दंड आहे, पण तो कोणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं तरच. फक्त पत्रा फाटला तर या कलमाचा उपयोग नाही, तिथे निष्काळजीपणाची भरपाई वेगळी मागावी लागते आणि ते लांबतं. त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. विचारायचं एवढंच: या पुलाखाली डांबरीकरण कोणत्या तारखांना झालं, किती जाडीचं, त्यानंतर उंची कधी मोजली, बोर्ड कधी लावला.

रेल्वे किंवा खात्याने नुकसानीचं बिल पाठवलं तर घाबरून भरू नका, पंचनाम्याची कॉपी आणि कामाचा तपशील मागा. कधीकधी आधीपासून वाकलेली कमान तुमच्या नावावर सरळ केली जाते. खरं नुकसान असेल तर ते विम्यातल्या थर्ड पार्टी प्रॉपर्टी डॅमेजमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीत, येतं, कमर्शियल गाडीला साधारण साडेसात लाखांपर्यंत कव्हर असतं. पण पॉलिसी आत्ता काढून बघा, काही एजंट प्रीमियम थोडा कमी करायला ते कव्हर ६,००० रुपयांवर आणून ठेवतात आणि मालकाला पत्ताच नसतो. ६,००० मध्ये गर्डरचा रंग पण होणार नाही. आणि तुम्ही मागे उभ्या कारवाले असाल, कमान तुमच्या बॉनेटवर पडली असेल, तर भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येतं.

आमचं पुढे काय झालं? विम्यातून बॉडीचे पैसे घसारा कापून मिळाले, ड्रायव्हरवर केस झाली नाही कारण फोटो होते, तो अजून आमच्याकडेच आहे. संबंधित खात्याला दोन पत्रं आणि माहिती अधिकाराचा अर्ज, पत्रांना काहीच नाही, अर्जाला "माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे" एवढं उत्तर. पण पुढच्या महिन्यात तिकडून गेलो तर बोर्डावर ३.८ च्या जागी ३.५ रंगवलेलं, आणि पांढऱ्या रंगाखालून जुना ८ अजून दिसतोय.